आधी दणका

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे परवा गोठा जळून खाक झाला. भुरी गाय गेली, कालवडी भाजल्या. पण आग लावणारा चोर मात्र सापडला!

विहिरीपाशी टांगलेला रुळाचा तुकडा आठवतो ना? चहूकडे इमारती झाल्या तरी तो अजून तिथेच आहे. तो वाजला की घरटी एक पुरुष काठी घेऊन बाहेर, आणि परका दिसला की आधी दणका, मग चौकशी. परवाही तसंच. पहिली काठी माझी. मला उगाच गेंड्या म्हणत नाहीत! गुडघा कडकन वाजला, मग खांदा, मग बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. निघाला नव्या इमारतीतला फरशीवाला. ठेकेदार म्हणतो, तू राहतेस त्याच मुलखातला आहे, त्याची भाषा इथे कोणाला कळते? इस्पितळात बेशुद्ध पडलाय. गोठा जाळल्याचा गुन्हा पोलिसांनी त्याच्यावरच लावला.

तू ही जागा ओळखणार नाहीस गं. आपल्या मक्याच्या रानात सात मजले उभे आहेत आणि प्रत्येक मजल्यावर निराळी बोली. तू परमुलखात गेलीस आणि परमुलूख आमच्या दारात आला.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा गेंड्या

ता. ११ मार्च

चि. गेंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी भुरीसाठी रडले, मग तुझ्या नावाने.

काठी कुठे कुठे बसली ते सगळं चवीने लिहिलंस. लोखंड वाजवलं कोणी, तेवढं गाळलंस. चोर काय स्वतः गाव गोळा करतो? मी तुझं नाक पुसलेलं आहे, मला बनवू नकोस.

आणि एक ऐक. गेल्या वर्षी तुझे भाऊजी रंगकाम करताना शिडीवरून पडले, दात गेले, असं मी कळवलं होतं. ते पडले नव्हते. चुकीच्या जिन्यात शिरले म्हणून इथल्या चौघांनी त्यांचं तोंड पायरीवर आपटलं. इतकी वर्षं झाली, या गल्लीत परके आम्हीच आहोत. तुला सांगितलं असतं तर तू काठी घेऊन गाडीत बसला असतास, म्हणून लपवलं.

उत्तर खरं पाठव. भावजयीला जप.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं, भाऊजींच्या दातांचं वाचून तर हात शिवशिवले. पण ते मारणारे आणि मी, दोघांना एका माळेत ओवतेस?

त्यानेच वाजवलं. झालं समाधान? मागे भुरी चरात पडली तेव्हा लोखंड वाजवून सगळ्यांनी दोर लावले होते, ते त्याने वरच्या मजल्यावरून पाहिलेलं, हे ठेकेदाराने सांगितलं. वाजवलं की माणसं मदतीला येतात, एवढंच त्याला कळलं होतं. धूर दिसला तसा धावत खाली आला. आम्ही पोचलो तर एका हाताने लोखंड बडवतोय आणि दुसरा हात गोठ्याकडे करून ओरडतोय. मला वाटलं, अंगावर येतोय. आम्ही त्याला तुडवत राहिलो आणि पाठीमागे गोठा पेटत राहिला. एकानेही मान वळवली नाही गं. कालवडी सोडवल्या तुझ्या भावजयीने, एकटीने. आग दिव्याच्या वायरमुळे लागली, हे तिनेच डोळ्यांनी पाहिलं.

सगळ्या वस्तीने चोरच सांगायचं ठरवलंय. काका म्हणाले, फुटलास तर तुला तुझ्याच विहिरीत घालू. आता तूच सांग काय करू. पण उपदेश नको.

माया असू दे.
गेंड्या

ता. २४ मार्च

चि. गेंड्यास,
आशीर्वाद, तूर्त अर्धेच.

उपदेश नको तर नको. तो जगला तर त्याला बेड्या पडतील, मेला तर चोर म्हणून जळेल. ठाण्यावर जा आणि तुझं नाव सांग. बाकीच्यांची नकोस सांगू, पण तुझं सांग. त्या चौघांपैकी एकाने एवढं केलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

नाही जमलं तर तुझं पुढचं पत्र मी फोडणार नाही.
ताई

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या भावजयीचं आहे, शुद्धलेखनाला हसू नकोस. माझे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत.

ठाण्यावर जाऊन आलो, फक्त माझंच नाव सांगितलं. परत येताना विहिरीपाशी घरचेच उभे होते. आपल्या चुलतभावाने माझे हात कट्ट्यावर धरले आणि बाकीच्यांनी पहारीने मोडले. काकांनी हात लावला नाही, चपला सांभाळत बसले होते. ताई, हाड मोडल्याचा आवाज आधी येतो, कळ मागाहून येते. हे मला इतके दिवस माहीत नव्हतं.

त्याच्यावरचा गुन्हा उठला, आता मारहाणीचा माझ्यावर आहे. उशाशी शिपाई बसतो. इस्पितळात खाट नेमकी त्या फरशीवाल्याच्या शेजारीच मिळाली. त्याचा पाय गुडघ्याखाली काढलाय. त्याची बायको दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसते.

काल त्याने डोळे उघडले. मला इतका आनंद झाला की मी माझे ते दोन पांढरे सोटे वर करून त्याला नमस्कार करायला गेलो. त्याला वाटलं, पुन्हा मारतोय. तो किंचाळला, सुई उपटून निघाली, रक्ताने चादर भरली, आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. नर्सने माझी खाट व्हरांड्यात काढली.

तुला त्यांची भाषा येते. घाबरू नकोस, आता मारणार नाही, हे त्यांच्यात कसं म्हणतात ते आपल्या लिपीत लिहून पाठव. मी दारातून ओरडून सांगेन. पत्र फोडलंस तर लगेच पाठव, तो अजून डोक्यावरचे हात काढत नाही.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
तुझा भाऊ