तिसऱ्या फेरीला न उठलेल्या भावाला

सुकापूर, नवीन पनवेल
मार्च २०११

प्रिय मिथुन,

फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पुण्याच्या हॉस्टेलवर तोंड लपवून बसलायस हे मला कळलंय. काल तुझ्या बॉक्सिंगच्या कमलाकर सरांचाच फोन आला होता. डोळ्याखालचं हाड अजून जुळलेलं नाही, डॉक्टरांनी ग्लोव्हजला हातही लावू नको म्हणून बजावलंय, आणि हा पठ्ठ्या पुढच्या महिन्याच्या स्पर्धेला नाव द्यायला निघालाय. "ताई, तुम्हीच आवरा त्याला, माझं ऐकत नाही," म्हणाले. तुझे सर, मिथुन! ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने तुम्ही सगळे ताठ उभे राहता, ते मला विनवण्या करत होते.

आधी घरची बातमी देते. करंज्याच्या धक्क्यावर तुझा तो मोठा फ्लेक्स लागला होता ना, 'उरणचा वाघ', तोही फायनलच्या आधीच? आपल्या लोकांची घाईच तशी. होडी बंदराला लागायच्या आधी टोपल्या घेऊन भांडायचं. मिरवणुकीच्या बेंजोवाल्यांनाही आगाऊ सांगून ठेवलं होतं. तू हरल्यावर तो फ्लेक्स उतरवायचा कोणी, यावर नुसती कुजबुज चालली. शेवटी बाबाच शिडी घेऊन गेले. आता आईने तो जवळा वाळत घालते तिथे बांबूंना बांधलाय. कावळे म्हणे फिरकत नाहीत. तुझ्या थोबाडाचा एवढा तरी उपयोग झाला.

लोक बोलतात, ते तुझ्यापासून कशाला लपवू? बाळूकाका भर धक्क्यावर म्हणाला, "वाघ कसला, मांजर हाय." बाबा जाळं सांधत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "पोराचा डोला शाबूत हाय ना? मंग बास," एवढंच म्हणाले. बाळूकाकाने काढता पाय घेतला, कारण त्याला जुनी गोष्ट आठवली असणार. तू तेव्हा रांगत होतास. भर समुद्रात आपलं जाळं खडकात अडकलं, वारा उठला, आणि बाबांनी कोयता घेऊन नवंकोरं जाळं कापून टाकलं. बाकीच्या होड्यांचे तांडेल आपापली जाळी ओढत थांबले आणि नंतर कसेबसे आले. बाबा मात्र रिकामी होडी घेऊन आधी परतले. आपल्याकडे रिकामी होडी लागली की धक्क्यावर कोणी बोलत नाही, बायका टोपल्या उचलून वाट धरतात. त्या दिवशी आई टोपली ठेवून तिथेच उभी राहिली. नारळी पुनवेला ओवाळतात तसं तिने आपल्या होडीवरच्या एकेका खलाशाला ओवाळलं. त्यात हा बाळूकाकाही होता. लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं.

आणि तुझा तो क्लिच्को आठवतो का, ज्याचा फोटो कपाटाच्या दारावर चिकटवलायस? माझ्या स्वयंपाकघरात लाटणं हातात घेऊन तूच मला त्याची बर्लिनची लढत करून दाखवली होतीस. नऊ फेऱ्या झालेल्या, गुणांवर हा पुढे, पण खांदा फाटलेला. गडी स्टुलावरून उठलाच नाही. जगज्जेतेपद गेलं, लोकांनी पळपुटा म्हणून हिणवलं. तू मोठ्या तोऱ्यात म्हणाला होतास, मी असतो तर मेलो असतो पण उठलो असतो. माझी पोळी तव्यावर करपली होती तुझं ऐकता ऐकता. पण पुढचं तूच सांगितलंस ना, की तोच माणूस काही वर्षांनी पुन्हा जगज्जेता झाला? तो खांदा बरा होऊ दिल्यावरच ना रे? की पुढच्याच महिन्यात नाव दिलं होतं त्याने?

फायनलच्या दिवशी मी पुण्याच्या त्या हॉलमध्ये होते. तुझ्याएवढ्या वजनाची माणसं एकमेकांना मारतात तो आवाज टीव्हीवर येत नाही. दुसऱ्या फेरीत त्याचा ठोसा तुझ्या डोळ्याखाली बसला तो आवाज मी ऐकला. मग तू स्टुलावर बसलास. सरांनी काहीतरी विचारलं, तू नाही म्हणून मान हलवलीस. त्यांनी पुन्हा विचारलं, तू पुन्हा हलवलीस. तिसऱ्या फेरीची घंटा झाली, तू उठला नाहीस, आणि लोकांनी केवढी हुर्यो उडवली! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते लाजेने नव्हे रे, सुटका झाल्यासारखं वाटलं म्हणून. एकाचे दोन दिसत होते, असं तू नंतर डॉक्टरांना सांगितलंस. आणखी एक ठोसा तिथेच बसला असता तर डोळा गेला असता, हे ते म्हणाले तेव्हा मी तुझा हात धरला होता आणि तू सोडवून घेतलास.

मूल व्हावं म्हणून चाललेल्या माझ्या दवाखान्याचं तुला ठाऊकच आहे. सुया, तारखा, वाट बघणं, मग पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई कौतुकाने म्हणतात, आमची विनिता कळंबोलीच्या बाजारातलं लोखंड आहे. तूही म्हणायचास, ताई माझ्यापेक्षा चिवट. ऐकून मलाही मूठभर मांस चढायचं. दुखतंय असं म्हणायची सोयच उरली नव्हती.

पुण्याहून परतले त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी नवी तारीख दिली. मी मान हलवली. त्यांना वाटलं, तारीख जमत नाही. मी म्हटलं, कुठलीच नको. बाहेर आल्यावर शैलेशने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तुझे हे गंभीर भावोजी लहान मुलासारखे रडले. केव्हापासून तू थांबावंस असं वाटत होतं, म्हणाला, पण तू एवढी खंबीर, तुला कोण विचारणार? आम्ही दोघं घरी येऊन गाढ झोपलो. फ्रीजमध्ये इंजेक्शनं असायची त्या कप्प्यात आता कोळंबी आहे. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलेलं नाही. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. ती एकवीरेला नवस बोलून बसलीय. रविवारी करंज्याला जाऊन सांगायचंय आणि एकटीने जायचा धीर होत नाही. त्यासाठीच हे पत्र. मला थांबायचं बळ तुला त्या स्टुलावर बघून आलं, मिथुन. तिने विचारलं, हे कुठून शिकलीस, तर मला तुझं नाव सांगायचंय, आणि तेव्हा तू माझ्या शेजारी बसलेला हवास.

वाट बघते,
तुझीच
विनिताताई