धिम्साच्या रिंगणात कुंकवाची कोयरी

हिमायतनगर, हैदराबाद

प्रिय मानसी,

तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले. चौदा तारखेला पुण्यात तू आणि कौस्तुभ रजिस्टर लग्न करताय, आणि आदित्यचे आईबाबा म्हणून आम्ही येऊन साक्षीदार म्हणून सही करावी असं तुला वाटतं. मी उत्तर दिलं नाही. म्हातारीला राग आला, असं तू समजली असशील. आलाच आहे, पण तुझ्यावर नाही. फोनवर मला हे जमायचं नाही, म्हणून आबिड्सच्या पोस्टात हे पत्र टाकतेय.

मधल्या काळात आम्ही अरकूच्या डोंगरात जाऊन आलो. आपल्या मराठी मंडळाची सहल. तीस माणसं, चाळीस डबे, आणि डोंगर दिसल्याबरोबर पहिली चौकशी कसली, तर वरणभात मिळेल का याची. तुझे सासरे सिकंदराबादला रेल्वेत जन्म काढूनही, घाटापुरते रेल्वेत बसलो तेव्हा एकेक बोगदा बोटांवर मोजत होते, आणि चुकले की मागच्या बोगद्यापासून पुन्हा सुरू. मंडळाच्या स्वातीताईंनी रस्ताभर भेंड्या लावल्या. असल्या लोकांना खरं तर डोंगरात सोडूच नये.

रिसॉर्टवाल्यांनी संध्याकाळी पाच वाजता ‘आदिवासी नृत्य’ ठेवलं होतं, धिम्सा म्हणतात त्याला, चहा-भज्यांबरोबर. हिरवळीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे लोखंडी मोर. चौदा बायका आल्या, सगळ्यांना एकसारख्या पोपटी साड्या नेसवलेल्या. शाळेच्या गॅदरिंगला नेसवतात तशा. मॅनेजर माईकवर इतका बोलला की ढोलवाले दोनदा वाजवायला लागले आणि दोनदा थांबले. आमची मंडळी भजी खात विचारत होती, हे किती वेळ चालणार? मीही त्यांतलीच. मनात म्हटलं, एकीचे हात दुसरीच्या पाठीमागे गुंफून पुढे-मागे पावलं टाकायची, यात काय मोठंसं!

मग स्वातीताईंच्या डोक्यातून कल्पना निघाली, की कलाकारांचा मान म्हणून सगळ्यांना हळदीकुंकू लावावं. कोयरी कुणाच्या पर्समध्ये असणार? माझ्याच. मी निघाले ऐटीत. रांगेच्या टोकाला त्यांची म्होरकी उभी होती, पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. माझं बोट कुंकवात बुडालं होतं, तरी मी थांबले आणि माझ्या मोडक्या तेलुगूत तिला विचारलं, नवरा आहे का? ती म्हणाली, नाही, गेला. आणि मानसी, मी हात मागे घेऊन पुढच्या बाईकडे वळले. इतकं सहज, जणू दुधाची पिशवी फुटकी निघाली म्हणून दुसरी उचलली.

पुढच्या बाईने मान मागे घेतली. तिच्या पुढचीनेही. म्होरकीने ढोलवाल्याकडे नुसतं पाहिलं, ढोल सुरू झाला आणि ती चौदा बायकांची साखळी माझ्याभोवती फिरायला लागली. हात गुंफलेले, त्यामुळे मधून वाट नाही. मी रिंगणाच्या मध्यभागी, एका हातात कोयरी, एक बोट लाल. ती विधवा बाई पुढे, आणि ती पाऊल टाकेल तसं बाकीच्या तेरा जणींचं पाऊल. वळली की सगळ्या वळत होत्या. जे मी भजी खाताना हसण्यावारी नेलं होतं, त्यातलं एकही पाऊल मला जमलं नसतं.

आमच्या मंडळींना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या! तुझे सासरे व्हिडिओ काढत होते आणि ओरडत होते, प्रमिला, हास जरा! हैदराबादहून आणलेल्या आमच्या बसचा ड्रायव्हर तेवढा शहाणा निघाला. परतताना हळूच म्हणाला, “नाचनेवालियों कू ऐसा नक्को पूछो अम्मा.” मी त्याच्यावर डाफरले, तू गाडीकडे बघ म्हणून. व्हिडिओ आता मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय, खाली हात जोडल्याच्या आणि फुलांच्या खुणा. मी तो चार वेळा पाहिला. त्या बाईची मला कीव करता येत नाही. कीव आणि किळस येते ती मधे उभ्या असलेल्या जाडीची.

आदित्य गेला त्यानंतरची संक्रांत आठव. आपल्या घरी हळदीकुंकू होतं. तू ऑफिसातून धावत आलीस, साडी नेसलीस, बायकांच्या ओळीत बसलीस. मी तुला सोडून पुढे गेले. नंतर तू आत कप विसळत बसलीस, आणि मी आले तेव्हा तूच म्हणालीस, आई, गडबडीत राहून गेलं असेल. मी म्हटलं, हो गं, राहूनच गेलं. दोन महिन्यांत तू पुण्याला बदली मागून घेतलीस. गेली तीन वर्षं आपण दोघी त्या ‘राहून गेलं’वर दिवाळीचे फोन करतोय. मानसी, राहून गेलं नव्हतं. तू कपाळ पुढे केलं होतंस. मी ते पाहिलं होतं. पाहून पुढे गेले. हे पोटात ठेवून तुझ्या लग्नाला येऊन साक्षीदार म्हणून सही करायची, इतका कोडगेपणा माझ्याच्याने होईना, म्हणून अकरा दिवस गेले. आता हे वाचून आम्ही यावं की नाही ते तू ठरव. या म्हणालीस तर येऊ. नको म्हणालीस तर तसं स्पष्ट लिही. या वेळी माझ्यासाठी कारण शोधत बसू नकोस.

तुझीच,
आदित्यची आई