उपाध्यक्षांचा राजीनामा

१२ मे १९९६, रविवार
इथल्या, जपानातल्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनासाठी लिहिलेली माझी बावीस कडव्यांची कविता अध्यक्ष पंढरीनाथने दोन कडव्यांवर आणली. कारण काय, तर ‘काका, पाचच्या आत खुर्च्या पुसून हॉलची किल्ली द्यावी लागते.’ वय चाळीस, कॉम्प्युटरवाला. शाळेत कधी कविता पाठ केली असेल का यानं? वाईला माझा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तेव्हा हेडमास्तर व्हरांड्यात थबकायचे. मी उपाध्यक्ष आहे, हे हा विसरला. सूड घेणार.

१४ मे, मंगळवार
मार्ग सापडला! तरुणपणी अभ्यासमंडळात मिळालेली पुस्तिका बॅगेत निघाली. स्वीडनचे समाजवादी पुढारी ओस्टरमान. माझ्यासारखेच शाळामास्तर. आधी नगरपालिका, मग संसद, मग मंत्रिपद. पक्षाने अपमान केला, तर भांडले नाहीत. सरळ राजीनामा! तीन आठवड्यांत सगळा पक्ष दारात. परत गेले ते पक्षाध्यक्ष होऊनच.
ठरलं. मनधरणीला आले की तीन अटी: बावीस कडवी, अध्यक्षपद, पंढरीनाथची जाहीर माफी.

१५ मे, पहाटे
राजीनामा शार्दूलविक्रीडितात लिहिला. सूनबाई सुचेता म्हणाली, ‘बाबा, इथे राजीनामा दिला की घेतात हं.’ तिला राजकारण कळत नाही. पोस्टात टाकला.

१७ मे, शुक्रवार
सेक्रेटरी नुपूरचा फोन. कधीपासून लागू, एवढंच विचारलं. ‘या क्षणापासून!’ मी गरजलो. ‘थँक्यू काका’ म्हणाली. घाबरली असावी. रविवारी अकराला मंडळी घरी येताहेत! स्वीडनला तीन आठवडे लागले, मला दोन दिवस.

१९ मे, सकाळी १०
सुचेताला पोहे करायला सांगितले. कोट चढवला. दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा नुसतं खिडकीबाहेर पाहायचं.

त्याच दिवशी, दुपारी
अकराच्या ठोक्याला चौघे हजर. पंढरीनाथ कमरेतून वाकला. बारा वर्षं जपानी ऑफिसात काढली की माणूस असा वाकतो. हातात सुबक कागदात बांधलेला खोका, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड: ‘आपल्या सेवेबद्दल आभार.’ मी म्हणालो, नाही, नाही! त्यांना वाटलं, भेट घ्यायला संकोचतोय. आणखी वाकले. नवीन माणूस म्हणे एकमताने ठरलासुद्धा, नाव पुढच्या बैठकीत. पोहे दोनदा घेतले. खोक्यात टॉवेल.
अटी सांगायला जागाच मिळाली नाही. हरकत नाही. नवा माणूस आठ दिवसांत पळेल.

२ जून, रविवार
नवीन उपाध्यक्ष सुचेता.
आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, ‘सांगायलाच येत होते बाबा, पण तुम्ही आरशासमोर माफी स्वीकारत होतात.’
बैठक आमच्याच घरी झाली. तिनं पंढरीनाथला दहा मिनिटांत गप्प केलं. मला तीन वर्षांत जमलं नव्हतं. कविता आता पाच कडव्यांची. वाचणार नुपूर, कारण ती भरभर वाचते.
इतिवृत्तात माझं नाव आलं आहे. चहाबद्दल आभार.