बॅरलवरचं अक्षर

३ नोव्हेंबर, सोमवार

बॅरल आलं एकदाचं. निळं, माझ्या कमरेइतकं. टेम्पोवाल्यानं वर्कशॉपच्या मागच्या दारानं उतरवलं, पुढून नाही. तिथंच मनात पाल चुकचुकली.

शेठ म्हणाले, "वैशाली, उद्यापासून सर्व्हिसिंगला ऑइल ह्यातलं. कंपनीचे सीलबंद डबे कुणी अडूनच बसलं तर काढायचे." मी विचारलं, बिलावर काय? "बिल छापतंय तसं छापू दे." बिलावर छापतं 'कंपनीमान्य ऑइल'.

मी आपली काउंटरवर बसणारी. गाडी आली की जॉबकार्ड लिहायचं, चहा विचारायचा, संध्याकाळी किल्ली परत द्यायची. आत बॅरल आहे का विहीर, मला काय करायचंय? असं स्वतःला तीनदा बजावलं.

सहाला घरी, उत्रोलीत. ओवीचे पाढे घेतले. पुण्याची नोकरी होती तेव्हा ही झोपलेली असताना जायचे, झोपल्यावर यायचे. नसरापूरला हे काम मिळालं आणि लेक मला उजेडात दिसायला लागली. हे विसरायचं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पासलीचे तात्या आले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. लेकानं घेतलेली नवी पेट्रोल गाडी हेच चालवतात, वॉरंटीतली आहे. चहा सांगितला तर नको. बसा म्हटलं तर नको. "आमच्याकडं भात गिरणीवर नेलं की मानूस पोत्याजवळ हुबं ऱ्हातं. म्या गाडीजवळ हुबा ऱ्हानार." ग्राहकांनी काचेपलीकडं थांबावं अशी मोठी पाटी आहे. तात्यांनी ती नीट वाचली, टोपी काढून हातात घेतली आणि आत गेले. मी पळत मागं.

बबनदादा मापातून ऑइल ओतत होते. (आमचे हेडमेकॅनिक. पुढं नुसतं ब.दा. लिहीन, हात दुखतो.) तात्यांनी मला विचारलं, "पोरी, हे कंपनीचंच हाय न्हवं?"

ब.दा.नी माझ्याकडं बघितलं.

"व्हय तात्या," मी म्हटलं. इतकं सहज आलं तोंडातून की माझी मलाच भीती वाटली.

"मग झालं. सुनंला आठवा लागलाय. पुढल्या म्हैन्यात कवाबी खाली दवाखान्यात आनाया लागंल. घाटात गाडीनं दगा द्याया नको, येवढंच."

जाताना नव्या भाताचे पोहे दिले पिशवीभर. "लेकीला कर."

६ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंनी त्याच पोह्यांचे फोडणीचे पोहे केले. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मी माझी बशी ओवीपुढं सरकवली. "बरं न्हाई का?" बरं आहे, आई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत ब.दा.ना गाठलं. दादा, खरं सांगा, हे बॅरलचं वाईट आहे का?

हसले. "ऑइलला आडनाव नसतं, वैशे. कंपनी काय सोता इहीर खणून ऑइल काढती व्हय? ती बी दुसऱ्याकडनंच भरून घेती. डब्यावर नाव काय हाय ते बघू नको. आकडा बघ आन् अक्षर बघ."

म्हणजे?

आकडा म्हणजे पातळपणा. अक्षर म्हणजे दर्जा. जेवढं पुढचं अक्षर तेवढं नव्या इंजिनाला चालणारं. तात्यांच्या मॉडेलची माहितीपुस्तिका काढली. त्यात कंपनीचंच ऑइल हवं असं कुठंच नाही! 'अमुक आकडा, अमुक दर्जा किंवा त्याहून वरचा' एवढंच. अक्षर 'पी'. मग दोघं बॅरलपाशी गेलो. आकडा तोच. अक्षर 'एल'.

एल, एम, एन, पी. मी बोटांवर मोजलं. मधला 'ओ' नसतोच म्हणे.

"जुन्या गाड्यांना झ्याक हाय," ब.दा. म्हणाले. "माझ्या जुन्या गाडीत म्या डोळं झाकून घालीन. नव्या इंजिनाला न्हाई."

तात्यांची गाडी बंद पडेल?

"उद्या न्हाई पडत. आतून झिजत जाईल. आन् वॉरंटीत काय निघालं आन् कुणी तपासलं, तर म्हातारा बसला बोंबलत."

मग तुम्ही घातलंत कशाला, असं विचारणार होते. पण 'व्हय' कोण म्हणालं होतं? मीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

शेठकडं गेले. ती पुस्तिका सोबत नेली. अक्षराचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, हे खरं. मग म्हणाले, "एक तरी गाडी परत आली का?" चार दिवसांत कशी येईल? "आली की बघू. हायवेला पावलापावलावर गॅरेज झालंय, वैशाली. मला इथं बारा माणसं सांभाळायचीत. त्यात तूपण आलीस."

त्यात तूपण आलीस. बरं.

रागारागात पाण्याच्या बाटलीत थोडं बॅरलचं ऑइल भरून घेतलं. आमच्या ह्यांचा मित्र भोरला आयटीआयमध्ये शिकवतो, त्याला दाखवायचं. पुरावा म्हणे! बाटली घरी कोनाड्यात ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

पुरावा गेला.

सकाळी उठले तर अंगणाचं फाटक आवाज न करता उघडलं. पाच वर्षं ते फाटक कोंबड्याच्या आधी ओरडतं. सासूबाई बिजागरीपाशी, हातात माझी बाटली रिकामी. गोठ्याच्या दाराला, रहाटाला, ह्यांच्या सायकलच्या चेनीला, सगळ्याला घालून झालेलं.

"लई ग्वाड तेल आनलंस बाई! बघ कसं मऊ चालतंय."

कपाळावर हात मारला आणि मग मला हसूच आवरेना. हे म्हणाले, "काय झालं?" सांगितलं सगळं. तात्यांना खोटं बोलले तेही सांगितलं.  सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. "तेल वंगाळ न्हाई म्हनतीस, मग रडतीस कशापायी?"

मी रडत होते का? असेन.

"फाटकाला चाललं की," त्या म्हणाल्या. "जिथलं तिथं घालावं. आन् इचारलं की खरं सांगावं. त्यात काय अवघड हाय?"

अवघड आहे हो आई. पण त्यांना उलट बोलले नाही.

दुपारी इंद्रायणी भात गिरणीवर भरडायला मीच गेले, ह्यांची पाठ धरलीय म्हणून. पोत्याला हात लावून उभी राहिले, सगळे राहतात तशी. पोतं टाकून चहाला गेलं की आपला तांदूळ दुसऱ्याच्या घरी शिजतो, हे इथं पोराठोरांना ठाऊक. गिरणीवाले काका स्वतःच म्हणाले, "वैनी, लांब का? म्होरं या. हात घालून बघा." मी हात घातला. गरम तांदूळ. आपलाच.

त्यांना राग नाही आला माझ्या उभं राहण्याचा. मग आम्ही ती काच कशाला लावलीय?

१० नोव्हेंबर, सोमवार

तात्यांना फोन केला. आधी दोनदा नंबर लावून कट केला. तिसऱ्यांदा त्यांनीच उलटा लावला. "कोन कट करतंय सारकं?"

सगळं सांगितलं. बॅरल, एल, पी, आणि मी खोटं बोलले ते.  तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"बॅरलला माझं काय म्हननं न्हाई. डेपोत आमी जलमभर बॅरलचंच घातलं. गाड्या पळाल्या. पन म्या इचारलं तवा तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस. पोरी, म्या तिथं ऑइल बघाया हुबा न्हवतो. तुमची तोंडं बघाया हुबा हुतो."

चुकलं तात्या.

"हां. चुकलं." मग, "गुरुवारी येतो. घाल परत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. लाज वाटली, अशी लाज लग्नानंतर दुधाचं पातेलं सांडलं तेव्हाही नव्हती वाटली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आले! आणि एकटे नाहीत. शेजारचे दोघं गाड्या घेऊन. तिघंही टोप्या हातात घेऊन पाटीपलीकडं. मी अडवलं नाही.

तात्यांनी येताना भोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून सीलबंद डबा आणला होता. कंपनीचा नाही. कुठलं तरी नाव, मी कधी न ऐकलेलं. माझ्यापुढं धरला. "वाच." वाचलं. आकडा बरोबर. अक्षर पी. ब.दा.नी हातात घेऊन उलटासुलटा केला, सील बघितलं, मान डोलावली.

"नाव बारीक हाय," तात्या म्हणाले, "पन अक्षर बरोबर हाय. हेच घाल."

आमच्या गोदामात कंपनीचे डबे होते, तेही चाललेच असते. पण तात्यांना स्वतः निवडून आणलेलं घालायचं होतं. असू दे. मी जॉबकार्डावर छापील ओळ खोडली आणि हातानं लिहिलं: बाहेरचं ऑइल, ग्राहकानं आणलेलं, आकडा अमुक, दर्जा पी. आधीच्या भेटीत बॅरलचं, दर्जा एल, चूक आमची. खाली माझी सही. ब.दा.नीही सही केली. मी मागितली नव्हती. एक प्रत तात्यांना.

काढलेलं ऑइल तात्यांनी कॅनमध्ये भरून घेतलं. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय म्हणे. फुकट काही घालवायचं नाही!

दुसरे दोघं: एकाची गाडी पंधरा वर्षांची. ब.दा. म्हणाले, "तुमाला बॅरलचंच घालतो, चांगलं हाय तुमच्या इंजिनाला." तो म्हणाला, घाला की. दुसऱ्याची नवी, त्यानं डब्याचं मागितलं. झालं! सांगितल्यावर कुणाला काही अडचणच नाही. दहा दिवस मी कशाला जीव टांगून घेतला होता?

सुनेचं विचारलं. ठीक आहे. "दवाखान्यात जाताना तुमच्या दारावरनंच जाऊ," म्हणाले. मी पोह्यांचं नाव काढलं नाही, त्यांनीच काढलं. "खाल्लं का?" आता खाते, तात्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जॉबकार्ड शेठच्या टेबलावर. 'चूक आमची' खाली लाल रेघ. बोलावलं.

"हे आमची म्हणजे कुणाची?"

माझी आणि तुमची, म्हटलं. 

"घरी बसायची हौस आलीय का?"

नाही म्हटलं. मला इथंच काम करायचंय. म्हणूनच लिहिलं.

 हातानं जा म्हणाले. जा म्हणजे काउंटरवर का घरी? मी काउंटरवर गेले. कोणी उठवलं नाही.

ओवीला सांगितलं, आईला कदाचित परत पुण्याला जावं लागेल. ती म्हणाली, "मग पाढे कोण घेणार?" 

१७ नोव्हेंबर, सोमवार

अजून काउंटरवरच आहे. शेठ बोलत नाहीत. ब.दा. आता दर गाडीला बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला मोठ्यानं विचारतात, "बॅरलचं का डब्याचं? तुमच्या गाडीला अमुक अक्षर लागतं." इतक्या मोठ्यानं की केबिनमध्ये ऐकू जावं. वात्रट म्हातारा! काचेचं दार दिवसभर विटेनं अडवून उघडं ठेवलं होतं. वीट कुणी ठेवली विचारलं तर आभाळाकडं बघतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवते.

शेठच्या घरची गाडी सर्व्हिसिंगला आली. नवी, वॉरंटीतली. शेठची लेक शुक्रवारी ती घेऊन कोल्हापूरला चाललीय, एकटीच, पहिल्यांदा. जॉबकार्ड मी लिहिलं. ऑइलचा रकाना मोकळा ठेवला. गाडी लिफ्टवर चढवली, ब.दा.नी जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, खालचा बोल्ट आवळला. मग माप हातात घेऊन थांबले.

केबिनचं दार उघडलं. शेठ खाली आले. विटेवरून पाय उचलून आत, आणि सरळ गाडीपाशी येऊन उभे राहिले. चार वर्षांत मी त्यांना गाडीजवळ असं उभं बघितलेलं नाही.

"बबनराव, कुठलं घालताय?"

"तुमी सांगाल ते, शेठ."

  शेठनी बॅरलकडं बघितलं, डब्यांच्या मांडणीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला त्यांची कीव आली, खरंच. पाच तारखेला त्याच जागेवर मी होते.

"ते अक्षर कुठलं म्हणालीस?"

पी, म्हटलं.

"त्या अक्षराचं बॅरल मिळतं?"

"मिळतं की," ब.दा. "कंपनीचंच पायजे असं न्हाई. सांगून घालायचं, येवढंच."

शेठनी मान हलवली. हो का नाही, कळलं नाही. "आज घालू नका. सकाळी सांगतो," म्हणाले आणि गेले. जाताना वीट त्यांच्या पायाला लागली. वाकून परत होती तिथं ठेवली.

सहाला निघाले तेव्हा गाडी तशीच वर, रिकाम्या इंजिनाची. चुकून कुणी चालू करू नये म्हणून किल्ली मी काढून ठेवली आणि काचेला कागद लावला: ऑइल घातलेलं नाही. जॉबकार्डावरचा रकाना अजून मोकळा आहे. उद्या लवकर जाणार, साडेसातची वडापची शेअर जीप धरून. पेन पिशवीत ठेवलंय.