एका छातीतली आठ गाणी

रोइ-एत
५ नोव्हेंबर, बुद्धवर्ष २५४१

पूज्य भन्ते खामपुन यांच्या चरणी थोरल्या बहिणीचा वाकून नमस्कार.

आई एकदा भात लावताना म्हणाली होती, की या दोन पोरांना मिळून छाती एकच मिळाली आहे. ही गायला लागली की छाती त्याची फुगते. आज सकाळपासून तेच आठवतं आहे.

आई गेली तेव्हा आपलं ठरलं होतं. तुम्ही तिच्या पुण्यासाठी पावसाळ्याचे तीन महिने चीवर घालायचं आणि बाहेर आलात की आपली कॅसेट पुरी करायची. पाच गाणी आपली, तीन दुसऱ्यांची. सात झाली आहेत. आठवं, आईवरचं, तेवढं राहिलं आहे. पावसाळा संपून महिना झाला, आणि तुमचा पत्ता नाही.

कॅसेट काढणाऱ्या वीरसाकने शेवटी थोंगमाकाकांना खेन फुंकायला बसवलं. तुमचा खेन मी त्यांना देणार नव्हते. त्यांचा फार वरच्या सुरातला. खेनच्या बांबूच्या नळ्यांना खाली कोण आणणार? मलाच वर जावं लागलं, आणि मग उतरता येईना. दुसऱ्या कडव्याला काकांची कवळी निसटून खेनच्या तोंडाशी अडकली, तरी ते फुंकतच राहिले. कडकड अगदी तालात होती, म्हणून वीरसाकला ती ठेवायची आहे.

असं गाणं आईला ऐकवू का? कधी येता ते कळवावं. गेल्या वर्षी मी तुझा कान पिळू शकत होते, एवढं ध्यानात असू दे.

बुआली

वनविहार
१९ नोव्हेंबर

उपासिका बुआली, सुखी असा.

ताई, रागावू नकोस, असंच लिहायला सांगितलं आहे. गाणं, वाजवणं, मुद्दाम ऐकायला जाणं, तिन्ही आम्हाला वर्ज्य. तुझं पत्र थोरल्या भन्तेंना वाचून दाखवलं. कवळीपर्यंत ते गंभीर होते. नंतर बाहेर गेले आणि बराच वेळ खोकत होते.

कधी येईन, सांगता येत नाही. आईसाठी केलेलं अजून पुरेसं वाटत नाही. खरं सांगायचं तर इथेही धड जमत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसलो, की बोटं मांडीवर खेन वाजवायला लागतात. शेजारच्या भन्तेंनी विचारलं, मुंग्या चावतात का. थोरल्यांनी हात चीवराखाली घ्यायला सांगितले, तर पायाची बोटं हलू लागली. आता मला सगळ्यात मागे बसवतात.

कॅसेट निघाली की कळव. ऐकणार नाही, नुसतं माहीत असावं.

मंगल होवो.
खामपुन

रोइ-एत
२ डिसेंबर

पूज्य भन्ते, नमस्कार.

वीरसाक म्हणाला, खेन फुंकला तरी वाजतो, श्वास आत ओढला तरी वाजतो. तो ओठांशी धरूनच भन्तेंना ध्यानाला बसवू, मग वाजवलं असं कोण म्हणेल? मी त्याला चांगलं झापलं. तसं आधी मीच सुचवलं होतं.

पण खेन नकोच. तो मी आईच्या चिकट तांदळाच्या कणगीत ठेवला आहे, झाकण लावून. कान पिळायला म्हणूनही बोलवत नाही. तिथेच राहा.

एवढंच करा. वीरसाक यंत्र घेऊन विहाराच्या चिंचेखाली येईल. तुम्ही रोजच्यासारखे मागे बसा, डोळे मिटा आणि चार मिनिटं श्वास घ्या. तो ते टेपवर भरून आणेल. मी खोलीत बसून त्यावर गाईन. तू कुठे थांबतोस, कुठे ओढतोस, मला ओळखू येईल. पायाची बोटं हलली तर हलू देत, त्यांचा आवाज येत नाही.

थोरले भन्ते नाही म्हणतील, ठाऊक आहे मला. कदाचित त्यांच्या आधी तूच म्हणशील. तरी एकदा विचार ना रे.

आशीर्वाद तुमचा, लोभ तुझा, दोन्ही मागणारी
ताई