सातच्या पाढ्याला शेळी

८ जुलै, सोमवार
सात आठे? — मोनिका गप्प. सात आठे? — मोनिका छताकडं बघून राह्यली. सहावीतली पोरगी, आणि सातचा पाढा येत न्हाई! कार्डं दाखवली, टाळ्या वाजवल्या, फरशीवर आकडे लिहून त्यावर उड्या मारायला लावल्या. तिच्याच वर्गातला सुमित उड्या मारत पाढा शिकला. ही फक्त उड्या शिकली.

९ जुलै
शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेल्ते. धावडा गावाच्या बाहेर, रानाच्या कडेला. बाप सुग्रीव शेळ्या राखतो. म्हणाला, "न्हाई येत तर राहू द्या मॅडम. शेळ्यांमागं फिरायला पाढा कशाला लागतो?"
तेवढ्यात गोठ्यातून आवाज — सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास... बिलकुल न अडखळता! आत मोनिका, आणि तिच्यासमोर मैना नावाची शेळी, रवंथ करत.
"इथं कसा येतो गं?"
"मैना हसत न्हाई, मॅडम."


११ जुलै
मैना वर्गात!
मुख्याध्यापक राधाकिसन सर दारातच थबकले. "मॅडम, हे काय?"
"सर, थोडे दिवस."
"पटावर घेऊ नका म्हणजे झालं. खिचडीचा हिशोब चुकंल."
मोनिका उभी राह्यली, एक हात शेळीच्या पाठीवर. सात एके सात पासून थेट सत्तरपर्यंत! कुणी हसलं न्हाई. सगळे मैनाकडं बघत होते.

१५ जुलै
आता वर्गातल्या तृप्तीलाही शेळी पाहिजे. सुमित म्हणतो मला म्हैस लागंल, नऊचा पाढा अवघड हाय.

१६ जुलै
मैनानं 'सात नव्वे'चं कार्ड खाल्लं.

१९ जुलै
सुमितला सात नव्वे विचारलं. "त्रेसष्ट तिच्या पोटात हाय, मॅडम!" साऱ्या वर्गाला एका दमात पाठ! म्हणजे ती जे खाते ते पोरांच्या ध्यानात राहतं? म्हणून आज मुद्दाम 'आठ साते' तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं. तोंड फिरवलं. मी पुन्हा धरलं. "खा गं बाई," म्हणाले — आणि भानावर आले. बीएडला हे कुणी शिकवलं न्हाई.

२३ जुलै
तपासणी. साहेब येणार हे सकाळी कळलं. राधाकिसन सरांनी जल्दी जल्दी मैनाला कार्यालयात कोंडलं. साहेबांनी नेमकं मोनिकालाच उठवलं.
"सात आठे?"
मोनिका पुन्हा छताकडं बघू लागली. तिचा बाप काय म्हणाला होता ते माझ्या डोक्यात फिरून राह्यलं.
कार्यालयातून — ब्यांऽऽ!
"छप्पन!" मोनिका ओरडली.
साहेबांनी मान वळवली. "आत कोण आहे?"
राधाकिसन सर घाम पुसत म्हणाले, "शैक्षणिक साहित्य, साहेब."
साहेब उठले, दार उघडलं, बराच वेळ आत बघत राह्यले. शेरा लिहिला — 'साहित्य स्थानिक पातळीवर उपलब्ध केलेले. उत्तम.'

२५ जुलै
मैना चरायला गेल्ती. मोनिकानं तरीही आठचा पाढा म्हणला. एकटीनं!! मध्ये तृप्ती हसली, तर तिच्याकडं बघून पुढचा आकडा आणखी मोठ्यानं.

२९ जुलै, सोमवार
सकाळी सुग्रीव आला. हातात दावं, दाव्याला मैना. मोनिका न्हाई.
"पोरगी न्हाई येणार आता. तिची माय आसराबाई ट्रॉलीवरून पडली, पाय प्लास्टरमधी. धाकटं लेकरू कोण बघंल? पण ह्या शेळीला शाळेची सवय लागली, घरी थांबंना. हिला तेवढं बसू द्या."
मी म्हणाले, "बसू देते. पण तिला आणायला, न्यायला आणि दिवसभर धरायला मोनिकाच लागंल. शेळी माझं ऐकत न्हाई."
सुग्रीवनं खूप विचार केला. "ते बी बराबर हाय."
प्रार्थना सुरू असताना मोनिका आली. एका हातात दावं, कडेवर भाऊ. राधाकिसन सर त्या लेकराकडं बघून राह्यले, मग हळूच म्हणाले, "ह्याला तरी पटावर घ्यायचं का?"