सासरेबुवांचा ट्रॅक्टर मी खोलला

४ मे २०१९, शनिवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. ऐतिहासिक कामाची नोंद कुठेतरी राहायला हवी. बायकोला, म्हणजे आर्डिसला, सांगितलं तर ती फक्त "हं" म्हणते.

सासरेबुवा क्लेटन ब्रँडवोल्ड, वय ब्याण्णव, यांचा बागेतला ट्रॅक्टर आज माझ्या शेडमध्ये आला. प्रेअरी कोल्ट, १९६५. सात हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, रंग एके काळी नारिंगी. हिवाळा संपल्यापासून चढावर पट्टा घसरतो. पट्टा बदल आणि बाकी कशाला हात लावू नकोस, असं सासरेबुवा तीनदा म्हणाले. भिडस्त माणूस. पूर्ण जीर्णोद्धार करून दे असं तोंडाने कसं म्हणतील?

मार्चमध्ये डोळ्यांपायी त्यांचं लायसन्स गेलं. बागेच्या ट्रॅक्टरला लायसन्स लागत नाही. म्हणून रोज सकाळी ते त्याच्यावर बसून पाऊण मैलावरच्या कॅफेत जातात. शेरीफचा माणूस दिसला तर तोच आधी हात करतो. शिवाय १० ऑगस्टला आमच्या जुन्या इंजिनांच्या मंडळाची परेड. बावीस वर्षं ते त्यात प्रेअरी कोल्ट चालवत आलेत. सप्टेंबरनंतर वृद्धाश्रमात जायचं ठरलंय, तेव्हा ही शेवटची.

सोमवारी परत देतो म्हणालो. कुठल्या सोमवारी ते त्यांनी विचारलं नाही.

६ मे, सोमवार.

पट्टा बदलायचा तर हुड, म्हणजे बॉनेट, काढावं लागतं. नाही लागत, असं शेजारचा हार्लन वोयचिक म्हणतो. हार्लनकडे अकरा ट्रॅक्टर आहेत. सगळे चालतात, एकही चमकत नाही. अशा माणसाशी काय बोलणार.

हुड काढलं. आता काढलंच आहे तर खालचंही बघून घ्यावं.

८ मे.

एकतीस वर्षं टपाल वाटलं. एक पत्र चुकीच्या पेटीत गेलं नाही. नटबोल्ट म्हणजे तरी काय, पत्रंच. तळघरात आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या आहेत, इथे कोणाच्या तळघरात नसतात? त्यातल्या चौदा वर आणल्या. एका बादलीत पुढच्या चाकांचे, एकीत ब्रेकचे, असं व्यवस्थित चाललंय. हार्लन म्हणाला, बादल्यांवर चिठ्ठ्या लाव, नाहीतर निदान फोनवर फोटो तरी काढ. स्मरणशक्ती नसलेल्यांनी हे उपाय जरूर करावेत.

१५ मे.

इंजिन बाहेर काढलं. एकट्याने.

१६ मे.

पाठ धरली. पडून नियोजन केलं. नियोजन म्हणजे अर्धं काम, तेव्हा आज अर्धं काम झालं.

१८ मे. सकाळी ६.४०.

सासरेबुवांचा फोन. रोज याच वेळी येतो. झाला का, एवढंच विचारतात. आज मी त्यांना सांगितलं की गाडी कारखान्यातून निघाली तशी करून देणार. पलीकडे बराच वेळ शांतता. भारावले असावेत.

सध्या आर्डिस त्यांना कारने कॅफेत सोडते आणि तासाने आणते. तिला त्यामुळे उठायला लागतं, म्हणून ती कपाटाची दारं जोरात लावते. पण बापाला लेकीचा सहवास मिळतोय, याचं श्रेय कोणी मला देत नाही.

२७ मे.

कुठला नारिंगी, हा खरा प्रश्न आहे. इंटरनेटवर प्रेअरी कोल्टवाली मंडळी आहेत. मिनेसोटाचा एक जण म्हणतो, ६५ सालचा नारिंगी किंचित तांबूस. ओहायोचा एक म्हणतो, मिनेसोटावाला गाढव आहे. दोघांनाही सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात तीन दिवस गेले.

३ जून.

चाकांचा पांढरा. दुधासारखा की सायीसारखा? लिहून विचारलं आहे.

१४ जून.

हुड रंगवलं. तांबूस नारिंगी. असं काम या तालुक्यात कोणी केलं नसेल. वाळायला अंगणात ठेवलं.

१४ जून. सायंकाळी ५.

कॉटनवुडची झाडं जूनमध्ये कापूस उडवतात हे मला साठ वर्षं माहीत आहे. आज नेमकं लक्षात नव्हतं. हुडावर कापसाचा थर बसलाय. हार्लन कुंपणापाशी येऊन उभा राहिला. पाच मिनिटं बघितलं. म्हणाला, "उबदार दिसतंय." आणि गेला.

घासून पुन्हा रंगवायचं. परेडला आठ आठवडे आहेत, म्हणजे वेळच वेळ.

२२ जून, शनिवार.

इंजिनाची एक बारकी कडी सापडत नाही. सुटे भाग मिळावेत म्हणून पलीकडच्या गावातून दुसरा प्रेअरी कोल्ट आणला. हे सगळे जाणकार करतात. ट्रेलरवर चढवताना कळलं की हा चालू आहे. पहिल्याच खेचीत फटफटायला लागला. म्हणजे भाग उत्तम असणार.

खोलला.

२३ जून.

आर्डिस शेडमध्ये आली. वर्षातून एकदा येते. तो दुसरा चालू होता ना, असं तिने विचारलं. मी म्हणालो, उत्तम चालू होता. मग तोच बाबांना का दिला नाहीस, असं तिने विचारलं. मी समजावून सांगितलं की तो १९६७ चा आहे, त्याचे दिवे चौकोनी, बाबांच्या गाडीचे गोल. असल्या गाडीवर त्यांना बसवणं म्हणजे त्यांचा अपमान.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "हं" म्हणाली. हे "हं" नेहमीचं नव्हतं.

४ जुलै.

सुट्टी. अंगणात ब्रॅटवर्स्ट सॉसेज आणि मका. सासरेबुवा माझ्या नकळत शेडमध्ये शिरले. मी धावत गेलो तर ते बादलीतला एक बोल्ट हातात घेऊन उभे. डाव्या ब्रेकचा, म्हणाले. बघितलाही नव्हता नीट, नुसता बोटांनी चाचपला. मी म्हणालो, असेल. त्यांना खुर्चीकडे नेलं. या वयात डोक्याला ताण बरा नाही.

उजव्या ब्रेकच्या बादलीत होता तो. त्यांना सांगितलं नाही.

१२ जुलै.

एकूण प्रगती: हुड (दुसऱ्यांदा), चाकं (सायीसारखी), गिअरच्या दांड्याची मूठ (अप्रतिम). उरलेलं म्हणजे नुसतं जोडकाम.

१९ जुलै, शुक्रवार.

अनर्थ.

चर्चमध्ये कोणाच्या तरी अंत्यविधीचं जेवण होतं. बटाट्याची कोशिंबीर नव्वद माणसांची, ती आर्डिसकडे. कोशिंबीर न्यायची कशात? आइस्क्रीमच्या बादल्यांत. इथे दुसऱ्या कशात नेलीच जात नाही. तिने माझ्या चौदाच्या चौदा बादल्या कपडे भिजवायच्या टबात उलट्या केल्या, घासल्या आणि घेऊन गेली. दोन ट्रॅक्टर, एक टब.

मी संताप शब्दांत मांडला. ती एप्रन सोडत म्हणाली, बादल्या माझ्या होत्या. शिवाय मेलेल्याच्या बायकोला कोशिंबीर फार आवडली.

२० जुलै.

टबासमोर बसलो. एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. पत्रावर पत्ता असतो, हे मात्र आज प्रथमच लक्षात आलं.

२८ जुलै.

सहाशे चोवीस तुकडे. त्यातले अडतीस कुठले ते खात्रीने सांगू शकतो. दोन कोशिंबिरीचे चमचे निघाले.

हार्लन म्हणाला, मी आणि आणखी दोघं येतो, तीन दिवसांत उभा करू. आभार मानले, नको म्हणालो. आयत्या वेळी दुसऱ्याला श्रेय कशाला.

५ ऑगस्ट, सोमवार.

आज ६.४० ला फोन आला नाही. हायसं वाटलं. मग दिवसभर काही सुचेना, वाटलं आता वाजेल, मग वाजेल.

७ ऑगस्ट.

स्टिअरिंग बसवलं! डावीकडे फिरवलं की उजवीकडे जातं. परेडचा रस्ता सरळ आहे. चिंता नाही.

८ ऑगस्ट.

इंजिन. सकाळभर दोरी खेचली. एकदा खोकलं. उद्या नक्की.

९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपार.

सासरेबुवा आले. चालत. त्यांच्या घरापासून इथपर्यंत अर्धा मैल, ऊन मी म्हणत होतं, हातात काठी. मी शेडचं दार लोटायला गेलो, पण ते आत आले होते. टब बघितला. एका फळीवर मांडलेलं इंजिन बघितलं. हुड बघितलं, त्यावर हात फिरवला. चांगलं झालंय, म्हणाले. मग उलट्या खोक्यावर बसले आणि बराच वेळ दम घेतला.

मी बोलायला लागलो. कडीचं, कापसाचं, कोशिंबिरीचं. त्यांनी काठी जराशी उचलली, तसा गप्प झालो.

"व्हर्जिल, मला चमकणारा नको होता रे. सकाळी उठावं, दोरी खेचावी आणि कोणाला न विचारता कॉफी प्यायला जावं, एवढंच होतं. मे, जून, जुलै गेले. माझ्याकडे असे किती उन्हाळे आहेत असं वाटतं तुला?"

उद्या नक्की, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर जूनपासूनच वाटत होती, फक्त कामाच्या गडबडीत तिच्याकडे बघायला सवड काढली नव्हती.

आर्डिसने त्यांना कारने घरी सोडलं. रात्री तिने माझं ताट टेबलावर आपटलं. मी दुसऱ्यांदा वाढून मागितलं नाही.

१० ऑगस्ट, शनिवार. परेड.

सकाळी उठलो तर गॅरेज रिकामं. आमची स्वतःची गवत कापायची गाडी गायब. गेल्या वर्षी मोठ्या दुकानातून घेतलेली, प्लॅस्टिकचं हुड, बाजूला कॉफीचा कप ठेवायची खाच. मंडळातल्या कोणाला ती दिसू नये म्हणून मी गवतसुद्धा पहाटे कापतो.

मैदानावर पोचलो तर रांगेत, एका १९४८ च्या आणि एका १९५३ च्या मध्ये, ती उभी. वर सासरेबुवा. इस्त्रीचा डगला, टोपी, पाठ ताठ. शेजारी आर्डिस, हाताची घडी घालून.

परेडचा नियम कडक आहे. गाडी तीस वर्षांच्या वरचीच हवी. दाराशी तपासायला या वर्षी हार्लन होता. मनात म्हटलं, संपलं. हार्लनने गाडीभोवती एक फेरी मारली. कप ठेवायच्या खाचेत बोट घालून बघितलं. मग सासरेबुवांना वय विचारलं.

"गाडी एक वर्षाची, ड्रायव्हर ब्याण्णवचा," हार्लन म्हणाला. "सरासरी साडेशेहेचाळीस येते. जाऊ द्या पुढे."

आणि गेले. टाळ्या मी ऐकल्या. माझ्यासारख्या माणसालाही त्या माझ्यासाठी आहेत असं वाटून घेता आलं नाही. वळणावर त्यांनी एक हात सोडून टोपी उंचावली. मी हुड बगलेत धरून फुटपाथवर उभा होतो. प्रदर्शनाच्या टेबलावर मांडायला आणलं होतं. एका बाईंनी विचारलं, हे झाकण कशाचं?

१२ ऑगस्ट.

गाडी परत आणायला गेलो. सासरेबुवा कॅफेसमोर होते, कप खाचेत. आर्डिस आज आठपर्यंत झोपली होती. सासरेबुवा म्हणाले, ही बरी आहे, किल्ली फिरवली की चालू होते. माझा तू ठेव, सावकाश खोलत बस. वृद्धाश्रमाचं काय, असं विचारलं, तर म्हणाले, स्वतः जाऊन कॉफी पिता येते तोवर कोण जातंय?

मी होकार दिला. दुसरं काय करणार.

१९ ऑगस्ट.

गवत घोट्याच्या वर. हार्लनकडून ढकलायचं यंत्र आणलं. अर्धं अंगण केलं. शेडकडे गेलो नाही.

२६ ऑगस्ट.

सकाळी यंत्र ढकलत होतो तर सासरेबुवा फाटकाशी थांबले. हार्लनने गाडीच्या मागे, चाकांच्या वर, एक भक्कम फळी बसवून दिली आहे. म्हणाले, बस, कॉफीला चल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावलं. मी फळीवर पाठमोरा बसलो. मागे पळणारा रस्ता बघत, पाय लोंबकळत. लोक हात करत होते. शेरीफच्या माणसानेही केला.

उद्यापासून रोज साडेसहाला तयार राहायला सांगितलंय. मन भरून आलं. इतकं सगळं होऊनही त्यांना माझी सोबत हवीशी वाटते, हे मी आर्डिसला दोनदा सांगितलं.

२७ ऑगस्ट.

हार्लन भेटला. कॅफेच्या आधीच्या चढावर खडी आहे, तिथे गाडीची मागची चाकं घसरायची, म्हणून सासरेबुवांनी त्याच्याकडून फळी करून घेतली होती. तिच्यावर लोखंडी वजन ठेवायचं की वाळूची पोती, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. दोनशे पौंड लागतील असा हिशेब निघाला.

माझं वजन दोनशे दहा आहे.